लहानांचाही मात्स्यन्याय

डिसेंबरच्या मध्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण गोव्यातल्या काब द रामच्या कड्यावरून थेट दक्षिणेला पाहिलं, तर समुद्राच्या रेषेपासून जेमतेम पाच अंशांवर मोठा मॅगेलॅनिक मेघ असतो. हात लांब करून मधली तीन बोटं आडवी धरा, तेवढीच उंची. असतो म्हणायचं, इतकंच. क्षितिजालगतच्या जाड, दमट हवेत त्याचा उजेड मुरून जातो. उरलासुरला ट्रॉलरचे दिवे खातात.

१,६०,००० प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेपुढे अगदीच चिल्लर. पण या चिल्लरीनंही कुणाला तरी गिळलंय. मेघातल्या अकरा जुन्या गोलाकार तारकागुच्छांचे वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला उजेड, तपासले, तेव्हा एनजीसी २००५ या एकातच सिलिकॉन, कॅल्शियम, तांबं, जस्त कमी भरलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की हा गुच्छ इथला नव्हेच. जिथं तारे फार संथपणे घडत होते अशा एका बारक्या दीर्घिकेत तो जन्मला. ती विस्कटली, गुच्छ तेवढा उरला. इसवणीच्या पोटात तारले विरघळतात, तसं इथं होत नाही. ताऱ्यांमधली अंतरं एवढी, की टक्कर जवळजवळ होतच नाही. धडकतात ते वायूचे ढग; ते दाबले जाऊन नवे तारे पेटतात.

विस्कटणं होतं ते मांडवीला भरती आणणाऱ्या बळामुळंच. जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी; मग लहान दीर्घिकेच्या दोन्ही टोकांनी तारे गळतात आणि तिच्या कक्षेवर लांबच लांब पट्टा पसरतो. सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४४४९ या बुटक्या दीर्घिकेभोवतीचा असा पट्टा २०१२ मध्ये जगासमोर आला, तोही अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीतून. त्यातले तारे सुटे दाखवायला मात्र ८.२ मीटरची सुबारू दुर्बीण लागली.

असे पट्टे टिपणं हे चिकाटीचं काम. तासन्‌तास घेतलेली चित्रं एकमेकांवर रचायची, कॅमेऱ्याची असमान संवेदना काढून टाकायची. तरी फसगत होतेच: जवळच्या ठळक ताऱ्याचा भिंगातला परावर्तित उजेड, किंवा आपल्याच आकाशगंगेतली विरळ धूळ, हुबेहूब पट्ट्यासारखी दिसते. आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे, आकाशाचा उजेड वजा करताना सॉफ्टवेअर खरा पट्टाही पार्श्वभूमी समजून पुसून टाकतं.