बोगदा झाला तरी चेन लागतेच : फोंडा ते सिस्सू, जानेवारीतला अनुभव

मनालीच्या पुढे, अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये सिस्सू आहे. तिथे जायला बर्फासाठी चाकांवर चढवायची साखळी, म्हणजे चेन, लागेल का, हे निघण्याआधी फोंड्यात तिघांना विचारलं होतं. टायरवाला म्हणाला, टायर नवे आहेत, काही लागत नाही. मनाली करून आलेला मित्र म्हणाला, आता अटल बोगदा झाला, रोहतांग घाट चढायचाच नाही, चेन कशाला? मेहुण्याचंही तेच मत. तिघेही चुकले. बोगद्याच्या अलीकडे धुंधीच्या वळणावर गाडी मागे घसरू लागली तेव्हा मला ते कळलं, म्हणून हे लिहितोय.

अनमोड घाट ते मनाली पाच दिवस लागले. रस्ते चांगले, सांगण्यासारखं काही नाही.

बोगद्याबद्दल गैरसमज कुठे होतो ते आधी सांगतो. रोहतांग ३९७८ मीटरवर आहे, तो टळला हे खरं. पण ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्याची दोन्ही तोंडंच ३००० मीटरच्या वर आहेत. आत रस्ता कोरडा असतो. सोलांगहून तोंडापर्यंत चढणारा रस्ता मात्र उघड्यावर. बर्फ तिथे पडतो.

रात्री बर्फ पडला होता. सकाळी नेहरू कुंडापाशी पोलिसांनी अडवलं : फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) असेल किंवा चेन असेल तरच पुढे. बाजूलाच भाड्याने चेन देणारे उभे. दिवसाचे १५०० रुपये, बसवायचे ५०० वेगळे, आणि परत आल्यावर काढायचे आणखी ५०० मागितले. ते काढायचे पैसे आधी कोणी बोललं नव्हतं. पण माझा खरा राग पैशांवर नाही. त्या पोराने चेन मागच्या चाकांना बसवली. माझी हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. मला तेव्हा हे सुचलंच नाही, आणि त्याने विचारलं नाही.

सोलांगपर्यंत चाललं. धुंधीच्या अलीकडे एका चढाच्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी मागे सरकली. ब्रेक दाबलेला, तरी सरकत होती. मिरगाच्या पहिल्या पावसात घाटात गाडी घसरते तसं हे नाही. तिथे टायर कुठेतरी पकडतो. इथे खाली काच होती. मेहुण्याने उडी मारून चाकामागे दगड लावला. बायको मागे गप्प बसून होती, तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

वरून आलेला एक लाहौली टॅक्सीवाला थांबला. चाकांकडे बघून एवढंच म्हणाला, 'भाईसाब, आगे लगाओ.' स्वतः गुडघ्यावर बसून पंधरा मिनिटांत चेन पुढे चढवली. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर गाडी सरळ वर गेली. सिस्सू सुंदर आहे.

तेव्हा निघणाऱ्यांनो, चेन घरून विकत घेऊन जा. टायरच्या कडेवर छापलेला साइझ बघून घ्या (माझा १८५/६५ आर १५), आणि गाडीच्या पुस्तकात चेन चालते का ते वाचा. काही गाड्यांत चाक आणि आतल्या भागांमधली जागा कमी पडते. फोंड्यातच अंगणात दोनदा बसवून बघा. बर्फात, बोटं बधिर झाल्यावर, शिकता येत नाही. बसवल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा, ती सैल होतेच. वेग तीस-चाळीसच्या आत. कोरडा डांबरी रस्ता लागला की काढा, नाहीतर चेनही जाते आणि टायरही. टायरमधली हवा कमी करा असा सल्ला मिळेल, ऐकू नका. चेन सैल पडते.

फोर बाय फोरवाल्यांनीही हे वाचावं. चारही चाकांची ताकद चढायला उपयोगी पडते, थांबायला नाही. परतताना आमच्या पुढे एक मोठी गाडी बिनचेनची उतारावर आडवी झाली आणि कठड्यावर टेकली. उतरताना पहिला गिअर, ब्रेकवर पाय शक्यतो नाही.

आणि दुपारी दोनपर्यंत बोगदा ओलांडून अलीकडे या. ऊन डोंगराआड गेलं की दिवसभर वितळलेलं पाणी गोठतं. तो काळा बर्फ दिसत नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. सकाळच्यापेक्षा तो वाईट.

शेवटचं एक, खास गोव्याच्या गाड्यांसाठी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास साधं पाणी भरतात. निघण्याआधी ते पूर्ण काढून नीट कूलंट (थंडीत न गोठणारं द्रव) भरा, ते पाणी तिथे गोठतं आणि इंजिन फोडतं. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका. माझा एका सकाळी गोठून अडकला होता, चाकावर गरम पाणी ओतून सुटायला पाऊण तास गेला.