मांजराचा कान फुगला: सूज वर, कारण आत

मांजराच्या कानाची पाळी टम्म फुगली आहे, हळूच दाबली तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी लिबलिबीत आणि कोमट लागते, आणि कान जड झाल्यामुळे मांजर डोकं एका बाजूला झुकवून बसतं. असं असेल तर बहुतेक वेळा ती पाळीत साचलेल्या रक्ताची गाठ असते. डॉक्टर तिला हिमॅटोमा म्हणतात. पाळीच्या मधे कूर्चा, म्हणजे लवचिक, मऊ हाडासारखा थर, आणि दोन्ही अंगांना कातडी अशी रचना असते. मांजर कान ओरबाडतं किंवा डोकं जोरजोरात झटकतं तेव्हा आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कातडी कूर्चेपासून सुटते आणि त्या पोकळीत रक्त साचतं. फुगवटा जवळजवळ नेहमी आतल्या, बिनकेसांच्या बाजूला असतो.

सुईने रक्त ओढून घेतलं की कान लगेच सपाट होतो. दोन-चार दिवसांत तो पुन्हा भरला की लोक डॉक्टरांना नावं ठेवतात. पण पोकळी तशीच असते आणि मुळात डोकं झटकायला लावणारी खाजही तशीच असते, मग तो भरणार नाही तर काय? म्हणून कान फुगलेला दिसला की पहिला प्रश्न ‘हे काढायचं कसं’ हा नसून ‘याला खाज कशाची सुटली’ हा असायला हवा.

मांजरांत या खाजेचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कानातले माइट्स, ओटोडेक्टिस नावाचे सूक्ष्म किडे. पिल्लं आणि बाहेर फिरणारे बोके यांच्यात ते फार सापडतात. खूण ठरलेली आहे: कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा, भुगाभुगा मळ. कानाच्या मुळाशी बोटाने चोळलं की मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. मळ ओलसर, तपकिरी आणि आंबूस वासाचा असेल तर यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संशय घ्यावा. पिवळा, दुर्गंधी पू असेल तर बॅक्टेरिया. ही नुसती अटकळ झाली. खात्री मायक्रोस्कोपखालीच होते, आणि म्हणूनच दवाखान्यात नेण्याआधी कान साफ करू नका. मळच पुसून टाकला तर डॉक्टर तपासणार काय?

माइट्सवर आजकाल मानेवर टाकायचं औषध सोयीचं पडतं. सेलामेक्टिन आठ आठवड्यांवरच्या मांजरांना देतात: अडीच किलोपर्यंत १५ मिलिग्रॅमची ट्यूब, त्यापुढे साडेसात किलोपर्यंत ४५ मिलिग्रॅमची. मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला सारून थेंब कातडीवर पडले पाहिजेत. केसांवर पडले तर औषध वाया जातं. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत माइटला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे डॉक्टरांनी कानात घालायचे थेंब दिले असतील आणि चार दिवसांत खाज कमी झाली म्हणून ते बंद केले, की उरलेली अंडी फुटून पहिले पाढे पंचावन्न. आणि घरात तीन मांजरं असतील तर तिघांनाही औषध. कुत्रा असेल तर त्यालाही, पण त्याचं वेगळं.

इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही ट्यूबमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. थरथर, झटके आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. ‘कुत्र्याचीच आहे, अर्धी टाकू’ हा हिशेब कधीही करू नये. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देणं तितकंच घातक, माणसांसाठीची अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आपल्याकडे लसूण घालून कढवलेलं तेल कानात घालायची जुनी सवय आहे आणि खरजेवर करंजतेलात कापूरही घालतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, कानाला लावलेलं पंजावाटे पोटात जातं, आणि लसूण व कापूर दोन्ही त्याला विषारी आहेत. टी ट्री ऑइलचंही तेच.

डॉक्टरांनी कानाचा पडदा शाबूत असल्याचं पाहून कान धुवायला सांगितलं, तर पद्धत अशी. मांजराला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवा. कान धुण्याच्या द्रवाची बाटली थोडा वेळ मुठीत धरून द्रव कोमट करा, थंड थेंब पडला की मांजर पुढच्या वेळी हाती लागत नाही. पाळी वर ओढून कानाची नळी भरेल इतका द्रव ओता आणि कानाचं मूळ वीस-तीस सेकंद चोळा, आतून पचपच आवाज आला पाहिजे. मग सोडून द्या, डोकं झटकू द्या, वर आलेला मळ कापसाने पुसा. इअरबड आत घालायचा नाही. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. बडमुळे मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो. मांजर डोकं कायम तिरकं ठेवत असेल, तोल जात असेल किंवा बुबुळं आपोआप हलत असतील, तर कानात काहीही न घालता थेट डॉक्टर गाठा. दुखणं आतल्या कानापर्यंत गेलेलं असू शकतं आणि पडदा फाटला असेल तर जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकचे थेंब ऐकण्याची शक्ती घालवू शकतात.

आता त्या गाठीकडे वळू. ती लहान आणि ताजी असेल तर रक्त काढून आत स्टेरॉइड देतात. मधुमेही मांजर असेल तर हे आधी सांगा, कारण साखर वाढते. गाठ मोठी किंवा परत भरणारी असेल तर शस्त्रक्रिया. भूल देऊन आतल्या बाजूला छेद घेतात, गुठळ्या काढतात आणि पोकळी उरू नये म्हणून पाळीतून आरपार टाके घालतात. टाके रक्तवाहिन्यांच्या दिशेने, म्हणजे कानाच्या लांबीला समांतर असावे लागतात, आडवे घातले तर रक्तपुरवठा तुटतो. छेद थोडा उघडाच ठेवतात, त्यातून काही दिवस लालसर पाणी येतं. त्याने घाबरू नये. टाके दोन-तीन आठवडे राहतात आणि तोवर गळ्यातला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही. ‘बिचारं जेवत नाही’ म्हणून रात्री कोन काढला आणि सकाळी कान पुन्हा फुगला, हे अगदी नेहमीचं. जेवायला पसरट ताटली द्या. गाठीला हातच लावला नाही तर रक्त काही आठवड्यांत शोषलं जातं, पण पाळी आक्रसून सुकलेल्या खारकेसारखी होते आणि नळीचं तोंड अरुंद झालं तर पुढे कान वारंवार पिकतो.

प्रत्येक सूज रक्ताचीच असते असं नाही. मारामारीनंतर दोन-चार दिवसांनी गरम, दुखरी, घट्ट सूज आली, मांजर सुस्त झालं आणि ताप १०२.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर दातांच्या जखमेत पू झाला आहे. तो फोडून, धुऊन अँटिबायोटिक द्यावं लागतं. घरी पिळू नये. तपासताना मांजराने तुम्हाला चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जा. कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडाकडे पसरणारी जाड, करडी खपली म्हणजे बहुधा खरूज. ती माणसांनाही तात्पुरती खाजवते. तासाभरात अचानक सुजलं असेल तर मधमाशी किंवा गांधील. आणि पांढऱ्या कानाच्या मांजराच्या कानाच्या टोकावर महिनोन् महिने न भरणारी खपली असेल तर मलमं बदलत बसू नका. उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर तिथेच सुरू होतो, आणि वेळेत ओळखला तर पाळीचा तेवढा भाग काढून मांजर वाचतं.