कोणता पिच्चर बघून लागलात या नादाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला, कुठंही पटकथेची कार्यशाळा घेतली की चहाच्या सुट्टीत एखादा पोरगा नाहीतर पोरगी जवळ येते आणि विचारते, "मॅडम, तुम्ही कोणता पिच्चर बघून लागलात या नादाला?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "मग आम्ही कोणता बघू?" तोवर वही उघडलेली असते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाचा १९९२ सालचा 'लाइफ, अँड नथिंग मोर'. पण दुसऱ्या प्रश्नालाही तेच नाव देऊन मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. नाव लिहून घेतलं, घरी जाऊन मोबाइलवर सिनेमा शोधला, अर्ध्या तासात कंटाळा आला आणि 'आपल्याला यातलं काही कळत नाही' असं धरून चालणारी मुलं मला भेटली आहेत. त्यांच्यात काही कमी नव्हतं. तो सिनेमा त्यांचा नव्हता, इतकंच. माझा का झाला, ते सांगते.

मी औसा तालुक्यातली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली. घरं जाडजूड दगड-मातीच्या भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. मदतीच्या ट्रकमधून पुऱ्या, पाव, बिस्किटांचे पुडे येत होते आणि माझ्या चुलतीला ते खाववत नव्हतं. तिला तिची काठवट पाहिजे होती. शेवटी चुलतभावानं ढिगाऱ्यातून ती काढून दिली, कडेला चीर गेलेली. तिनं ती धुतली, तीन दगड मांडले, कुणाकडून तरी ज्वारीचं पीठ आणलं आणि भाकरी थापायला बसली. रडत नव्हती. मी पाणी जास्त ओतलं म्हणून माझ्यावर खेकसली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो, तिथं संध्याकाळी रेडिओभोवती क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला गडी जमायचे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं तेही यायचे. एखादा हसला की बाकीचे क्षणभर त्याच्याकडं बघायचे आणि मग तेही हसायचे.

हे सगळं माझ्याजवळ होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. भूकंपावर लिहायचं तर आक्रोश लिहायचा, असाच समज. शाळेतल्या निबंधात मी तोच लिहिला आणि गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला.

नंतर तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेले. नाटकवाल्या पोरांची तिथं मोठी वर्दळ. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग होता, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आणि नाटककार प्रशांत दळवी मुंबईपर्यंत गेल्याच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. त्यातल्याच एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर आम्ही चार-पाच जणींनी किआरोस्तामीचा तो सिनेमा बघितला.

जून १९९० मध्ये उत्तर इराणात मोठा भूकंप झाला. त्याच भागातल्या कोकेर गावात किआरोस्तामीनं १९८७ मध्ये गावातलीच मुलं घेऊन एक सिनेमा केला होता. भूकंपानंतर ती मुलं जिवंत आहेत का, हे बघायला तो निघाला. पुढं त्यानं त्याच प्रवासाचा सिनेमा केला: एक दिग्दर्शक, त्याचा लहान मुलगा आणि एक जुनी मोटार. रस्त्याला भेगा, कडेला ढिगारे, आणि माणसं आपापल्या कामात. घरातली माणसं गमावलेला एक जण टीव्हीचा अँटेना उभा करत असतो, कारण फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू आहे आणि तो चार वर्षांनी एकदाच येतो. एक जोडपं भेटतं, त्यांनी भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी लग्न केलेलं.

अँटेनाचा प्रसंग आला आणि मला आमच्या शेडमधला रेडिओ ऐकू यायला लागला. मग काठवट. हजारो मैल लांबच्या, भाषा न कळणाऱ्या माणसांनी माझ्या चुलतीला पडद्यावर आणलं होतं. शेवटी ती मोटार चढावर दमते आणि मागं घसरते. खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला एक माणूस तिला धक्का देतो. कॅमेरा लांब डोंगरावर, मोटार मुंगीएवढी. मुलं सापडली की नाही, ते सिनेमा सांगतच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, हे काय, संपला? मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत बघितला, या वेळी वही घेऊन. प्रत्येक प्रसंगात माणूस हातानं काय करतोय, तेवढंच लिहीत गेले. उचलतोय, धुतीये, बांधतोय, ओढतीये. पानंच्या पानं भरली आणि त्यांत 'रडतोय' फार थोड्या ठिकाणी आलं. एवढ्या मोठ्या दुःखाचा सिनेमा त्यानं कामांवर उभा केला होता. पटकथा म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. पुस्तकं नंतर वाचली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येते. हे माझ्या एकटीचं नाही, म्हणून जुनी उदाहरणं देते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला. पुढं १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. हे वाचताना लोक 'प्रेरणा' म्हणून पुढं जातात. मी तिथं थांबते. फाळके तोवर छायाचित्रण शिकलेले होते, छापखान्याचं काम केलेले होते, जादूचे प्रयोग करत होते. कृष्ण तर लहानपणापासून घरातच होता. सिनेमानं त्यांना गोष्ट दिली नाही. जवळ असलेली गोष्ट आता दाखवता येईल, एवढं सांगितलं. त्यानंतर त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला आणि आधी काय टिपलं, तर वाटाण्याच्या रोपाची वाढ. ती चिमुकली फिल्म दाखवून पैसे उभे केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली. मग ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. तुमच्यापैकी कुणालाही मी आधी वाटाण्याची फिल्म करायला सांगेन.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात सिनेमा एकच आहे आणि माणसं तीन. सिनेमा व्हित्तोरिओ डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज', १९४८ चा. एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते, ती तो मुलाला घेऊन रोमभर शोधतो. नायक झालेला माणूस कारखान्यातला कामगार होता.

सत्यजित राय यांनी तो १९५० मध्ये लंडनला बघितला. रस्त्यावर, खऱ्या घरांत, कधी अभिनय न केलेल्या माणसांना घेऊन सिनेमा होतो, याची त्यांना खात्री पटली. परतीच्या बोटीवरच 'पथेर पांचाली' या त्यांच्या पहिल्या सिनेमाची टिपणं सुरू झाली. पण बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची त्याच नावाची बंगाली कादंबरी त्यांच्याजवळ आधीपासून होती, तिच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती. सिनेमा यायला १९५५ उजाडलं. मधल्या काळात पैसे संपत होते. एका हंगामात काशफुलांचं रान अर्धं टिपून झालं आणि परत जाईपर्यंत गुरांनी ते खाऊन टाकलं, मग पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडं पावसावर अवलंबून असलेल्या माणसाला हे थांबणं समजावून सांगावं लागत नाही.

तोच 'बायसिकल थीव्हज' बघून बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये 'दो बीघा जमीन' केला. सायकलच्या जागी जमीन आली, रोमच्या जागी कलकत्ता. आणि १९९३ मध्ये दिल्लीच्या महोत्सवात तोच सिनेमा अनुराग कश्यप नावाच्या तरुणानं बघितला आणि मुंबईचा रस्ता धरला. त्यानं पुढं जे सिनेमे केले त्यांचं रायांच्या सिनेमाशी दुरूनही नातं दिसत नाही. एकच पाऊस काळ्या रानावर पडतो तसाच मुरमाड रानावर पडतो. पीक रानाप्रमाणं येतं. म्हणून मी नावांची यादी देत नाही. माझ्या यादीतनं तुम्हाला पाऊस मिळेल, रान तुम्हाला तुमचंच लागेल.

आता जवळचं. परंड्याची शीव ओलांडली की करमाळा तालुका लागतो. तिथल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी नगरला शिकताना 'पिस्तुल्या' नावाचा लघुपट केला, शाळेत जाऊ बघणाऱ्या एका पोराचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ मध्ये 'फँड्री', २०१६ मध्ये 'सैराट'. 'सैराट'नं आपल्या भागातल्या पोरांना जेवढा धीर दिला तेवढा दुसऱ्या कशानं दिला नसेल. आपली बोली, आपला चेहरा, आपला ऊस थिएटरात चालतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. मला त्याचा आनंद आहे.

पण माझ्याकडं वाचायला येणाऱ्या पटकथांत विहिरीतल्या उड्या, ट्रॅक्टर आणि स्लो मोशन येतं तेव्हा मी त्यांना 'फँड्री'तला राष्ट्रगीताचा प्रसंग कागदावर लिहायला सांगते. नायक जब्याचं घर डुक्कर पकडत असतं. डुक्कर हाताशी आलेलं असतं, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र थांबत नाही. संवाद एकही लागत नाही. हा प्रसंग कागदावर किती ओळींत मावतो, हे लिहून बघितल्यावर पोरं गप्प होतात. मग मी विचारते, तुमच्या गल्लीत असं काय घडलंय की माणूस हलू शकला नाही? उत्तरं यायला लागतात. टँकर आल्यावर मयतीतनं हळूच उठून घागर लावायला गेलेली बाई. ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमागं पळणारी आजी. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लातूरच्या खोलीवर फोन बंद करून बसलेला मुलगा. हे मी रचलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं आहे. त्यातली घागरीवाली बाई तर मला आजही सोडत नाही.

शहरातलं, श्रीमंत घरातलं, अंतराळातलं लिहू नका असं माझं म्हणणं नाही. अंतराळयानाचा सिनेमा बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल तर तोच तुमचा सिनेमा. फक्त तो बघताना तुमच्या आयुष्यातलं नेमकं काय डोळ्यांपुढं आलं, ते त्याच रात्री लिहून ठेवा. सकाळपर्यंत त्याचं 'भारी होता पिच्चर' एवढंच उरतं.

आणि साधनांचं म्हणाल, तर आमच्या वेळेला एक सीडी मिळवायला कुणीतरी पुण्याहून यावं लागायचं. आज सिनेमे हातात आहेत. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, तिथं अनोळखी माणसांबरोबर अंधारात बसून जगभरचे सिनेमे बघता येतात. जमेल त्यानं एकदा तरी जावं. मोबाइलवर बघताना आपण सिनेमा थांबवतो; तिथं तो आपल्याला थांबवून ठेवतो.

तर पुढच्या कार्यशाळेला येताना आवडत्या सिनेमांची यादी आणू नका. ज्या सिनेमात तुम्हाला तुमच्या घरातलं माणूस दिसलं, त्यातला तो एक प्रसंग पानभर लिहून आणा, आणि दुसऱ्या पानावर घरातलं ते माणूस. त्यानं हातानं काय केलं, तेवढंच. बोलीत लिहिलंत तरी चालेल, खाडाखोड असली तरी चालेल. दोन्ही पानं मी वाचते, आणि दुसऱ्या पानापासून आपण सुरुवात करू.