अनमोड घाट चढणारा हायड्रोजनचा ट्रक

गोव्यातील अवजड वाहतुकीत दोन अगदी वेगळी कामे आहेत आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकांची चर्चा करताना ती एकमेकांत मिसळू नयेत, असे मला ठामपणे वाटते. डिचोली किंवा सांगे भागातील खाणीवरून नदीकाठच्या जेटीपर्यंत खनिज नेणारा टिप्पर त्याच थोड्या अंतरावर ये-जा करतो. मुरगाव बंदरातून माल घेऊन मोलेमार्गे अनमोड घाट चढणाऱ्या ट्रकला मात्र बेळगाव, हुबळी आणि त्याही पलीकडे जायचे असते.

टिप्परसाठी बॅटरीच योग्य. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे 55 युनिट वीज खर्च होते, त्या किलोत 33 युनिट ऊर्जा असते आणि फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, त्यातील साधारण निम्मीच मोटरपर्यंत पोहोचते. बॅटरीत ही गळती पुष्कळ कमी असते.

लांब पल्ल्याचा हिशेब निराळा आहे, कारण तेथे बॅटरीचे वजन मालाच्या वजनातून वजा होते आणि चार्जिंगमध्ये वेळ जातो, तर हायड्रोजन थोड्या मिनिटांत भरता येतो. तो जागा मात्र फार व्यापतो: ऊर्जेच्या मापाने 100 लिटर डिझेलच्या बरोबरीचा 30 किलो हायड्रोजन 350 बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 350 पट) दाबाखाली ठेवायला 1,200 लिटरहून मोठ्या टाक्या लागतात.

केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये 37 हायड्रोजन बस व ट्रकांच्या चाचणीला मंजुरी दिली. त्या मार्गांत पुणे–मुंबई आहे, गोवा नाही. सह्याद्रीतील चढण आणि येथला पावसाळा यांत ही वाहने कशी टिकतात, हे पाहण्यासाठी अनमोडचा रस्ता घेतला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मात्र तेवढ्याने भागणार नाही. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि तिच्यातील मोठा वाटा कोळशाचा असतो. देशातील ग्रिडच्या सरासरी विजेवर एक किलो हायड्रोजन बनवला, तर सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढ्या हायड्रोजनने वाचणाऱ्या चार-पाच लिटर डिझेलचा धूर याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. म्हणजे मोलेच्या जंगलातला धूर परराज्यातील चिमणीकडे गेला आणि वाटेत वाढलाही. केंद्राने 2023 मध्ये हरित, म्हणजे अक्षय ऊर्जेतून बनवलेल्या, हायड्रोजनसाठी किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आहे. मुरगावात पंप उभारायचा असेल, तर ती मर्यादा पाळणारा हायड्रोजनच तेथे विकला जावा, ही अट परवान्यातच असली पाहिजे.