फोडणी आणि ३१०

आईनं फोडणीत मिरच्या टाकल्या आणि भाच्यानं ओट्यावर ठेवलेलं हवा मोजायचं यंत्र ४० वरून थेट ३१० वर. पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारे कण.

"घरातल्या हवेला काय धाड भरलीय? बाहेर बघा, ट्रक धावतायत," आई म्हणाली.

आमचं इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं. पण तो नंबर कचऱ्याचा, बंद खिडकीआडच्या धुराचा नाही. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम, आपल्या देशाची ६०. फोडणी दिवसभर नसते, मान्य.

खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला, आकडा उतरला. मग आईनं उदबत्ती लावली. देवापुढे यंत्र न्यायची हिंमत भाच्याचीही झाली नाही!

तुमच्याकडचा एक्झॉस्ट चालतो, की तेलकट जाळी मिरवत नुसता बसलाय?