कलेक्टर मॅडमनी राजीनामा द्यायला नको होता

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत शिकवायला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, 'अरम'मधल्या कलेक्टरसारखं खरंच वागता येतं का?" महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2017 सालचा हा तमिळ चित्रपट, दिग्दर्शक गोपी नैनार. नयनतारानं कलेक्टर मदिवदनीची भूमिका केली आहे. प्यायच्या पाण्याला मोताद झालेल्या गावात मजुराची लहानगी मुलगी उघड्या बोअरमध्ये पडते. त्याच वेळी जवळच्या श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटायची तयारी चाललेली असते, आणि इथे अग्निशमन दलाच्या हातात दोरखंड. शेवटी मदिवदनी मुलीच्या भावालाच दोरानं बांधून, डोकं खाली करून आत सोडायचा निर्णय घेते. मूल वाचतं.

सिनेमा उलगडतो तो मात्र चौकशीच्या खोलीतून. मदिवदनी वरिष्ठांसमोर बसली आहे आणि तिला जाब विचारला जातोय. मला चित्रपटाचा हा भाग सर्वांत खरा वाटतो. आमच्याकडे कुणी आरडाओरडा करून अडवत नाही. फाइल 'चर्चा करा' असा शेरा मारून परत येते, मग 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' म्हणून पुन्हा खाली जाते. ज्यानं काही केलं नाही त्याला कारणे दाखवा नोटीस सहसा येत नाही. जो करतो, त्याला येते. अधिकारी बाई असेल तर "भावनेच्या भरात निर्णय घेतला" हे वाक्य ठरलेलंच. ते ऐकताना नयनताराच्या चेहऱ्यावर जो ताठरपणा येतो, तो मी माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

तर उत्तर असं, की हो, त्या दिवशी तसं वागता येतं. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं कलेक्टर जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. यंत्रं, वाहनं, माणसं ताब्यात घ्यायचे अधिकार त्याच्याकडे असतात. अडचण त्या दिवसाची नाहीच. ती आधीच्या सगळ्या दिवसांची आहे.

बोअर उघडी राहते कशी, हे तुम्हाला माहीत असायला हवं. आपल्याकडे बोअर मारायला येणाऱ्या कितीतरी गाड्या टीएन पासिंगच्या, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात. रात्रभर मशीन चालतं, धुरळा उडतो, शेतकरी कर्जाच्या पैशावर एकेक फूट मोजत उभा असतो. पाणी लागलं नाही की केसिंग पाइप, म्हणजे माती ढासळू नये म्हणून भोकात घातलेला पाइप, उपसून काढतात, कारण तो पुढच्या बोअरला चालतो. वरच्या मातीतलं भोक तेवढं उरतं. त्यावर कुणी दगड ठेवतं, कुणी पोतं. गवत वाढलं की दिसतही नाही. त्या शेतकऱ्याला मी नुसता दोषी ठरवणार नाही. तो आधीच बुडालेला असतो. पण नोंद ठेवायची जबाबदारी आपली.

त्याचे नियमही आहेत. कुरुक्षेत्राजवळच्या हल्दाहेडीत 2006 साली साठ फुटांवर अडकलेला मुलगा लष्करानं पन्नासेक तासांनी जिवंत काढला, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पुढे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले. बोअर घ्यायच्या पंधरा दिवस आधी कळवायचं, भोवती कुंपण आणि सिमेंटचा ओटा करायचा, तोंडावर लोखंडी झाकण पक्कं बसवायचं, कोरडी बोअर जमिनीच्या पातळीपर्यंत भरून तसा दाखला घ्यायचा, आणि जिल्हा ते गाव पातळीवर सगळ्याची माहिती ठेवायची. तरीही 2019च्या ऑक्टोबरात, हा चित्रपट येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच, तिरुचिरापल्ली जिल्ह्यात दोन वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला. ऐंशीहून जास्त तास प्रयत्न चालले. तो वाचला नाही. त्या बातम्या मला शेवटपर्यंत बघवल्या नाहीत.

म्हणूनच मदिवदनी शेवटी राजीनामा देऊन लोकांमध्ये जाते, तिथे माझं दिग्दर्शकाशी जुळत नाही. थिएटरात टाळ्या पडतात, तुम्हालाही तो प्रसंग आवडतो, मला ठाऊक आहे. पण तिच्यासारखी बाई खुर्ची सोडून गेली, तर दुसऱ्या दिवशी तिथे चौकशीच्या खोलीतल्या त्या साहेबांच्याच विचारांचा माणूस बसणार. तिनं राहायला हवं होतं. तलाठ्यांकडून गावोगावच्या बंद बोअरींची यादी मागवायला हवी होती, ती आली नाही तर स्मरणपत्र काढायचं, मग स्वतः गाडी काढून शिवारात जायचं. यावर सिनेमा निघणार नाही. मुलं मात्र वाचतील.

तुमच्यापैकी जे नायब तहसीलदार, बीडीओ व्हाल, त्यांनी रुजू झाल्यावर पहिल्या बैठकीत ही यादी मागा. "अशी नोंदवही आपल्याकडे नाही, मॅडम" असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी ती सुरू करायला लावा आणि पावसाळ्याआधी तपासायला जा.