टायगर मॉथचे भाग नव्याने करताना: आटे, लाकूड, सरस

टायगर मॉथ खोलायला घेतलं की पहिला गोंधळ पान्यांचा. डी हॅविलंडचं हे विमान १९३१ सालचं, त्यामुळे बोल्ट सगळे ब्रिटिश, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि बीए (ब्रिटिश असोसिएशन) या मापांच्या आट्यांचे. बीएसएफ पान्यावरचा आकडा तोंडाचं माप नसतो, बोल्टचा व्यास असतो. १/४ लिहिलेल्या पान्याचं तोंड पाव इंचाहून बरंच मोठं दिसलं तर पाना बरोबरच आहे.

नटाची चूक मात्र महागात जाते. पाव इंची बीएसएफला इंचात २६ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंची यूएनएफला, म्हणजे अमेरिकी बारीक आट्याला, २८ आटे, कोन ६० अंश. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. यूएनएफ नट बीएसएफ बोल्टवर दोनेक फेरे मुकाट जातो आणि अडतो. तिथेच थांबायचं. ‘गंजला असेल’ म्हणून पाना लावून रेटलात की दोन्हीचे आटे गेले. जुन्या डब्यातला प्रत्येक सुटा नट आधी आटे ओळखायच्या थ्रेड गेजवर तपासावा, मगच विमानाजवळ न्यावा.

आता टाय रॉड. खालच्या पंखांचे सांधे धडाखालून एकमेकांना बांधणारे हे आडवे पोलादी गज. दिसायला इतके साधे की कुठलाही लेथवाला म्हणेल, संध्याकाळी घेऊन जा. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एक टायगर मॉथ कसरती करताना कोसळलं, आतले दोघेही गेले. तपासात दिसलं की दोन्ही टाय रॉड आट्यांच्या भागात तुटले होते आणि तिथे फटिगच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून पडणाऱ्या, चिरा आधीपासूनच होत्या. गज मूळ कारखान्याचे नव्हते, मान्यता घेऊन नव्याने बनवलेले होते. त्यांचं ठरलेलं आयुष्य २००० तास किंवा १८ वर्षं. ते आयुष्य भरण्याच्या बरंच आधी गज तुटले.

लांबी आणि व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून जुळवता येतात. आट्याचा तळ व्हर्नियरला दिसत नाही, आणि गज तुटतो तो तिथूनच. कापून पाडलेल्या आट्याच्या तळाशी हत्याराचे बारीक ओरखडे राहतात. आटे पाडायचा डाय बोथट असेल तर धातू कापला न जाता फाटतो. असा प्रत्येक ओरखडा चिरेला तयार सुरुवात देतो. न कापता रोलरने दाबून काढलेल्या, म्हणजे रोल केलेल्या, आट्यात तळाचा धातू दाबला जातो, म्हणून तो फटिगला जास्त टिकतो. पण पद्धत आपल्या मनाने बदलायची नाही. ड्रॉइंगमध्ये पोलादाचं स्पेसिफिकेशन, तळाची गोलाई आणि फिनिश जे लिहिलंय तेच करायचं. जुना तुकडा मोजून केलेलं ड्रॉइंग हे ड्रॉइंग नव्हे, कारण त्या तुकड्याची झीजही आपण इमानदारीने उतरवून घेतलेली असते.

उच्च ताकदीच्या पोलादावर कॅडमियम धातूचा मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. तो हायड्रोजन बाहेर काढायला मुलामा झाल्यापासून चार तासांच्या आत भाग साधारण १९० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जायला हवा आणि स्पेसिफिकेशन सांगेल तितके तास तिथेच राहायला हवा. ‘उद्या सकाळी भाजू’ इथे चालत नाही. भाजल्याची नोंद नसलेला मुलाम्याचा भाग घेऊच नये, कितीही चकचकीत असला तरी.

पंखाचे स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य वासे, सिटका स्प्रूस या लाकडाचे. लाकूड निवडताना रेषांचा कल १५ ला १ (१५ इंच लांबीत १ इंच) पेक्षा जास्त नको, इंचात निदान ६ वार्षिक वलयं हवीत आणि ओलावा ८ ते १२ टक्के. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की लाकडाचा ओलावा हळूहळू १८ टक्क्यांकडे सरकतो, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली फळी स्पारला घेऊ नये. ओल्या लाकडाचा स्पार नंतर आकसतो, बोल्ट सैल पडतात, त्यांनी बसवलेलं धातूचं फिटिंग हलायला लागतं आणि बोल्टचं भोक लांबट होतं. जुन्या स्पारवर भोकाभोवती काळा डाग दिसला तर फिटिंग काढून आत बघा. लोखंड आणि पाणी लाकडात एकत्र आल्याची ती खूण.

जुन्या लाकडी विमानांत सरस बहुतेक केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. ओल लागली की त्याला बुरशी खाते. वरून सांधा घट्ट वाटतो, पातळ पातं घातलं की सुटून येतो, आत पांढरी भुकटी. दुरुस्तीला रिसॉर्सिनॉल हा कृत्रिम सरस उत्तम, पण तो लाड चालवून घेत नाही. फट भरून काढणं त्याला जमत नाही, सांधा आधीच तंतोतंत बसलेला लागतो. वर्कशॉपचं तापमान २१ अंशांच्या खाली नको आणि क्लॅम्पचा दाब सगळीकडे सारखा हवा. स्पारच्या तिरक्या जोडाचा उतार १० ला १ (जाडीच्या दहापट लांब), शक्यतो १२ ला १. जोडाचे पृष्ठभाग धारदार रंध्याने काढावेत. पॉलिश पेपरने घासलं तर भुसा लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि सरस आत मुरत नाही.

कालवलेल्या सरसाच्या प्रत्येक घाण्याबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे, पूर्ण वाळल्यावर शिकंज्यात धरून छिन्नीने फोडायचे. तुटलेल्या तोंडावर लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर जोड ठीक. गुळगुळीत, काचेसारखा तांबूस थर दिसला तर त्या घाण्यातून चिकटवलेला प्रत्येक सांधा बाद, मग त्यात स्पारचाही का असेना.